एकच काम, पाच भाषा: स्पेक्ट्रम आणि पीसी-एक्सटीच्या मेमरीतल्या नोंदी

नाशिक, गंगापूर रोड. जून ते ऑगस्ट २०२४.

२२ जून, शनिवार

काम ठरलं. स्क्रीनची मेमरी पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत एका ठराविक किमतीने भरायची, बाकी काही नाही. यंत्रं दोन. एक, १९८६ पासून भारतात परवान्याने बनलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस: झेड८०ए, ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ के रॅम. दुसरं, पीसी-एक्सटीची नक्कल: ८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० के, सीजीए हे पडद्याचं कार्ड, ३६० केच्या दोन फ्लॉपी. स्पेक्ट्रमवर त्याचं बेसिक आणि मशीन कोड. पीसीवर जीडब्ल्यू-बेसिक, टर्बो पास्कल ३ आणि टर्बो सी २.

या नोंदी ज्यांना दाखवायच्या ती कॉलेज रोडची मुलं टर्बो सी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवतात. तिथे प्रोग्रॅम बरोबर चालतो, पण वेळ मोजण्यात अर्थ नसतो. सायकल्सचा आकडा आपणच भरलेला असतो. म्हणून खरी यंत्रं.

कोणती भाषा किती जलद, हा प्रश्न दुय्यम ठेवला आहे. तो दोन दिवसांत सुटतो. प्रत्येक भाषेत पाहायचं ते हे: पत्ता कोण ठरवतं, त्या पत्त्याशेजारी भाषेने स्वतःचं काय ठेवलंय, आणि एक बाइट पुढे गेलो तर ते कुठे दिसतं.

२३ जून, रविवार

स्पेक्ट्रमला वीज देण्याआधी अॅडॉप्टर तपासला. ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर, आणि मधली पिन ऋण. बाजारातले बहुतेक ९ व्होल्टचे अॅडॉप्टर मधली पिन धन असलेले असतात, सॉकेटमध्ये मात्र ते बिनदिक्कत बसतात. प्लगवर लाल टेप गुंडाळून ठेवली.

खालच्या १६ केसाठी ४११६ जातीच्या आठ चिप आहेत. त्यांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५, आणि पिन १६ ग्राउंड. उणे ५ नसताना १२ मिळालं तर चिप जळतात, म्हणून चालू केल्यावर पहिला प्रोब पिन १ वर. तिन्ही ठीक आले. उणे ५ किंवा १२ बसलेलं असेल तर आधी टीआर४ ट्रान्झिस्टर आणि त्याची कॉइल बघावी. तिथे दोष असताना नुसत्या रॅम बदलल्या तर नव्यासुद्धा जातात.

टीव्हीसाठी मॉड्युलेटर बाजूला काढला. बोर्डावरून त्याच्याकडे जाणारी व्हिडिओची तार सोडवून, १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, सॉकेटच्या मधल्या पिनला झाळली. कपॅसिटरची धन बाजू बोर्डाकडे. आता साध्या व्हिडिओ इनपुटवर चित्र स्थिर आहे.

की-बोर्डच्या पातळ पट्ट्या फार ठिसूळ झाल्यात. वरचं झाकण उचलताना चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे जायचं नाही.

२९ जून, शनिवार

स्पेक्ट्रमचा नकाशा फळ्यावर काढला. ० ते १६३८३ रॉम. १६३८४ पासून ६१४४ बाइट चित्र, म्हणजे २२५२७ पर्यंत. २२५२८ पासून ७६८ बाइट रंग. २३२९६ पासून २५६ बाइट प्रिंटरचा बफर. २३५५२ पासून सिस्टिमची चलं, आणि बेसिकचा प्रोग्रॅम साधारण २३७५५ पासून. पत्ते इथे उघडे आहेत. संपूर्ण ६४ के एकच सरळ रेघ.

बेसिकचा फेरा (पोक म्हणजे त्या पत्त्यावर बाइट लिहिणं):

१० फॉर एन=१६३८४ टू २२५२७: पोक एन,८५: नेक्स्ट एन

पूर्ण भरायला मिनिटाच्या आतबाहेर लागतं. रिकामा फॉर-नेक्स्टच हजार फेऱ्यांना चार-पाच सेकंद घेतो, त्यामुळे यात आश्चर्य नाही.

भरण्याचा क्रम मात्र मुलांना नक्की दाखवायचा. रेघा वरून खाली सलग येत नाहीत. पत्ता ३२ ने वाढला की चित्र ८ रेघा खाली जातं, २५६ ने वाढला की १ रेघ, २०४८ ने वाढला की ६४ रेघा. पडद्याचे तीन तुकडे आणि प्रत्येकात आठ-आठच्या उड्या, हे बेसिकच्या संथपणामुळेच डोळ्यांनी वाचता येतं.

आता मुद्दाम चूक. २२५२७ ऐवजी २२५२८ पर्यंत फेरा चालवला. डाव्या कोपऱ्यातला पहिला चौकोन लाल झाला, ठिपके आकाशी, दोन्ही रंग उजळ. ८५ म्हणजे बायनरीत ०१०१०१०१: फ्लॅश नाही, उजळ आहे, कागद २ म्हणजे लाल, शाई ५ म्हणजे आकाशी. एक बाइट जास्त झाला आणि यंत्राने तो थेट पडद्यावर दाखवला. पुढे सगळ्या भाषांना हीच कसोटी लावायची.

वेगाबद्दल दोन गोष्टी. एक, इथे नेक्स्ट आल्यावर इंटरप्रिटर ओळीचा नंबर घेऊन प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून शोधत येतो. ज्या फेऱ्याला घाई आहे तो वर लिहावा, नाहीतर आधीच्या प्रत्येक ओळीचा भार प्रत्येक फेरीला. दोन, प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या प्रत्येक आकड्यामागे सहा बाइट गुपचूप बसतात: एक खूण आणि पाच बाइट बायनरी किंमत. «१६३८४» एवढं लिहिलं की ११ बाइट गेले. त्या बदल्यात चालताना आकडे पुन्हा वाचावे लागत नाहीत. कमोडोर ६४ च्या बेसिकमध्ये उलट आहे. तिथे आकडा दर फेरीला अक्षरांवरून वाचला जातो, म्हणून तिथले लोक पत्ता आधी चलात ठेवत.

६ जुलै, शनिवार

मशीन कोड. १४ बाइट:

३३, ०, ६४, १७, १, ६४, १, २५५, २३, ५४, ८५, २३७, १७६, २०१

एचएल, डीई, बीसी ही झेड८० ची रजिस्टरं. एचएलमध्ये १६३८४, डीईमध्ये १६३८५, बीसीमध्ये ६१४३. पहिल्या जागी ८५ ठेवून एलडीआयआर (एचएलवरचा बाइट डीईवर, दोन्ही एकेक पुढे, असं बीसी वेळा), मग परत. बीसीमध्ये ६१४४ नव्हे, कारण पहिला बाइट हाताने ठेवलेला आहे. ६१४४ घातलं की तोच लाल कोपरा.

ठेवायचं कुठे? आधी क्लिअर ३२७६७ (बेसिकची वरची हद्द), मग ३२७६८ पासून पोक, मग रँडमाइझ यूएसआर ३२७६८ ने तो कोड चालवणं. पहिल्या ओळीच्या रेममध्ये (शेऱ्यात), म्हणजे २३७६० पासून, कोड लपवण्याची जुनी पद्धतही करून पाहिली. तिला दोन अडचणी. इंटरफेस १ हे जोडउपकरण लावलं की बेसिकची सुरुवात सरकते आणि २३७६० वर भलतंच काही येतं. शिवाय १६३८४ ते ३२७६७ हा भाग यूएलए, म्हणजे पडदा रंगवणारी चिप, आणि झेड८० दोघं वापरतात. पडदा रंगवण्याच्या वेळेत यूएलए झेड८० ला थांबवून ठेवतो. कोड ३२७६८ च्या वर असेल तर निदान सूचना वाचताना थांबावं लागत नाही.

हिशेब कागदावर: एलडीआयआर दर बाइटला २१ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके), शेवटच्याला १६. ६१४२ गुणिले २१ अधिक १६, म्हणजे १,२८,९९८. ३.५ मेगाहर्ट्झला सुमारे ३७ मिलिसेकंद. एक फ्रेम ६९,८८८ टी-स्टेटची, तेव्हा दोन फ्रेमच्या आत. प्रत्यक्षात लिहिणं पडद्याच्याच मेमरीत असल्यामुळे यूएलएची थांबवणूक वर पडते.

परतताना दोन रजिस्टर जपायची. आयवाय २३६१० वरच हवं, रॉममधला इंटरप्ट (दर फ्रेमला चालू काम थांबवून चालणारा कोड) त्यावर अवलंबून आहे. आणि पर्यायी संचातलं एचएल. ते बदललं तर कोड नीट चालतो, बेसिककडे परतल्यावर यंत्र कोसळतं. दोष कोडच्या आत शोधत बसलो तर सापडत नाही.

७ जुलै, रविवार

पुश करून भरणं. पुश स्टॅक पॉइंटरच्या खाली दोन बाइट लिहितो आणि त्याला तेवढा खाली नेतो. स्टॅक पॉइंटर २२५२८ वर ठेवायचा आणि पुश एचएल ३०७२ वेळा. ११ टी-स्टेटला दोन बाइट, म्हणजे बाइटला साडेपाच. एलडीआयआरच्या जवळपास चौपट वेग, फेऱ्याचा खर्च सोडून.

डीआय (इंटरप्ट बंद) न करता चालवलं तर काय होतं, यावर बराच वेळ दिला, कारण अनेक वेळा काहीच होत नाही. इंटरप्ट आला की परतीचा पत्ता आणि रॉमने जपलेली रजिस्टरं स्टॅक पॉइंटरच्या खाली, म्हणजे अजून न भरलेल्या चित्रात पडतात. पुढचे पुश त्यांच्यावरून जातात, सगळं साफ. पण भरणं संपत आलं असताना, स्टॅक पॉइंटर १६३८४ च्या अगदी जवळ असताना इंटरप्ट आला, तर परतीचा पत्ता १६३८४ च्या खाली, रॉममध्ये लिहिला जातो. रॉमवर लिहिलेलं टिकत नाही. परतताना झेड८० रॉममधलेच दोन बाइट पत्ता म्हणून उचलतो आणि भरकटतो. असा दोष क्वचित येतो, म्हणून तो जास्त वाईट. जुना स्टॅक पॉइंटर जपून ठेवणं, डीआय, भरणं, तो परत आणणं, ईआय (इंटरप्ट चालू): यातली एकही पायरी गाळायची नाही.

१३ जुलै, शनिवार

आठवडाभर पाऊस. फ्लॉपीच्या खिडकीतून पाहिलं तर तीन डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके. अशी डिस्क ड्राइव्हमध्ये घालायची नाही. हेडला बुरशी लागते आणि पुढची चांगली डिस्कही खरवडली जाते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसलं, कापूस सुटणार नाही अशा. डिस्क आता सिलिका जेलच्या डब्यात.

जीडब्ल्यू-बेसिक. इथे पत्ता दोन तुकड्यांचा: सेगमेंट गुणिले १६ अधिक ऑफसेट. सीजीएची अक्षरांची मेमरी हेक्स बी८०० या सेगमेंटला. डेफ सेगने सेगमेंट ठरवायचा, पोकला फक्त ऑफसेट द्यायचा. सम ऑफसेटला अक्षर, विषमला रंग. ८० गुणिले २५ साठी ४००० बाइट.

पहिली ओळ डेफइंट ए-झेड असावी. नाहीतर फेऱ्याचं चल सिंगल प्रिसिजनचं राहतं आणि ४००० साठी अपूर्णांकांचं गणित चालतं.

एक बाइट पुढे जाण्याची कसोटी: ऑफसेट ४००० वर पोक. काहीच दिसत नाही. कारण सीजीएचं पहिलं पान ४००० बाइटचं, दुसरं ४०९६ पासून सुरू होतं. मधले ९६ बाइट कुठल्याच पानावर नाहीत. स्पेक्ट्रमने लगेच दाखवलेली चूक पीसी गिळून टाकतो. याचा भाषेशी संबंध नाही, यंत्राच्या नकाशाशी आहे, आणि फळ्यावर दोन्ही नकाशे शेजारीशेजारी काढल्याशिवाय तो कळत नाही.

१४ जुलै, रविवार

जीडब्ल्यू-बेसिकमधून मशीन कोड. १९ बाइट, १० घरांच्या पूर्णांक अॅरेत:

६, १८४, ०, १८४, १४२, १९२, ४९, २५५, १८५, २०८, ७, १८४, ६५, ७, २५२, २४३, १७१, ७, २०३

ईएस जपून बी८०० त्यात घालणं, डीआय (इथे ८०८८ चं रजिस्टर) शून्य, सीएक्स २०००, एएक्समध्ये «ए» अक्षर आणि साधा रंग, मग रेप स्टॉसडब्ल्यू, म्हणजे एएक्समधले दोन बाइट सीएक्स वेळा ओळीने लिहिणं. शेवटचा २०३ महत्त्वाचा: तो दूरचा रिटर्न आहे. कॉल दूरचा असतो. तिथे १९५, म्हणजे जवळचा रिटर्न टाकला तर स्टॅकवर सेगमेंट उरतो आणि यंत्र हँग.

दोन चुका जवळून पाहिल्या.

पहिली. अॅरेचा पत्ता व्हारपीटीआरने घेतला, त्यानंतर नव्या नावाच्या साध्या चलाला किंमत दिली, मग कॉल. यंत्र हँग. जीडब्ल्यू-बेसिक साधी चलं आधी ठेवतो आणि अॅरे त्यांच्या वर. नवं चल जन्माला आलं की सगळे अॅरे वर सरकतात. घेतलेला पत्ता जुनाच, आता तिथे कोडच्या आधीचे बाइट. उपाय: सगळी चलं वरच्या ओळींत एकदा शून्य करून घ्यायची, आणि व्हारपीटीआर कॉलच्या लगेच आधीच्या विधानात.

दुसरी. पडद्यावर काहीतरी पोक करायला डेफ सेग बी८०० केलं होतं आणि तसंच राहिलं. कॉल त्याच सेगमेंटला जातो, म्हणजे ८०८८ पडद्यावरची अक्षरं सूचना म्हणून चालवायला लागतो. कॉलच्या आधी आकडा न देता नुसतं डेफ सेग लिहिलं की बेसिकचा स्वतःचा सेगमेंट परत येतो.

स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये क्लिअरने एक हद्द आखली की वरचं सगळं आपलं. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये आपला कोड भाषेच्या घरात भाड्याने राहतो आणि ती सामान कधीही हलवते. दोन्हीकडे पोकचा शब्द एकच, म्हणून मुलं दोन्ही सारखे समजतात.

२० जुलै, शनिवार

टर्बो पास्कल ३. एडिटर आणि कंपायलर मिळून जेमतेम ४० के, एका फ्लॉपीवर आरामात.

मेमरीला हात घालायचे दोन रस्ते. मेम नावाची तयार अॅरे, तिला सेगमेंट आणि ऑफसेट द्यायचे. ती बेसिकच्या पोकसारखीच, काही विचारत नाही. दुसरा रस्ता अॅब्सोल्यूट: ० ते १९९९ अशी पूर्णांकांची अॅरे जाहीर करायची आणि ती बी८००:०००० वर आहे असं सांगायचं. मग तिला नाव आहे, हद्द आहे.

सेगमेंट डॉलर लावून हेक्समध्येच लिहावा. ४७१०४ असा दशमान लिहिला तर कंपायलर नाकारतो, पूर्णांक ३२७६७ ला संपतो.

कसोटी: फेरा २००० पर्यंत. हद्द तपासणारा आर निर्देश बंद असताना, आणि तो मुळात बंदच असतो, चूक त्याच ९६ बाइटांत नाहीशी. आर चालू केला की रनटाइम एरर ९०, आणि एडिटर थेट त्या ओळीवर कर्सर नेऊन ठेवतो. या पाचांत फक्त इथेच भाषेने चूक पकडली. मेम वापरून हे होत नाही. हद्द सांगितलीच नाही तर तपासणार काय. सीजीएला हात घालायचा असेल तर मेमपेक्षा अॅब्सोल्यूट अॅरे, हा आमचा ठाम सल्ला.

२७ जुलै, शनिवार

टर्बो सी २, स्मॉल मॉडेल. बरोबर रूप: «फार» (दूरचा, सेगमेंटसकट ३२ बिटांचा) कॅरेक्टर पॉइंटर, त्यात हेक्स बी८०००००० ही लाँग किंमत, वरचे १६ बिट सेगमेंट, खालचे ऑफसेट. किंवा एमके-एफपी मॅक्रो, तो वाचायला सोपा.

मुलांच्या वह्यांत दोन चुका सर्रास दिसतात, दोन्ही चालवून पाहिल्या.

«फार» हा शब्द विसरला. पॉइंटर १६ बिटांचा, किमतीचे फक्त खालचे १६ बिट उरतात, म्हणजे ०. लिहिणं प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटा सेगमेंटच्या पहिल्या जागी. एकच अक्षर लिहिलं तर प्रोग्रॅम नीट संपतो आणि शेवटी «नल पॉइंटर असाइनमेंट» असा संदेश येतो. डेटा सेगमेंटच्या सुरुवातीला बोरलँडची कॉपीराइटची ओळ ठेवलेली असते आणि संपताना ती बदलली का हे तपासलं जातं. ४००० बाइट लिहिले तर संदेश द्यायला प्रोग्रॅम उरतोच असं नाही.

दुसरी चूक जास्त फसवी. सीजीए बी८००० या भौतिक पत्त्यावर आहे असं पुस्तकात वाचून फार पॉइंटरमध्ये बी८००० लिहिलं. शेवटची तीन शून्यं कमी. सेगमेंट झाला ०००बी, ऑफसेट ८०००. १७६ अधिक ३२७६८, भौतिक पत्ता ३२९४४. तिथे पडदा नाही, डॉसच्या वस्तीतली मेमरी आहे. पडदा कोरा, मग काही क्षणांनी किंवा पुढच्या कमांडला यंत्र हँग. कंपायलरची एकही तक्रार नाही.

फार पॉइंटरची बेरीज फक्त ऑफसेटमध्ये होते. ६४ के ओलांडलं की तो त्याच सेगमेंटच्या सुरुवातीला येतो. ४००० बाइटांना फरक पडत नाही, मोठ्या अॅरेला पडतो, तिथे «ह्यूज» जातीचा पॉइंटर.

२८ जुलै, रविवार

रेप स्टॉसडब्ल्यू ८० कॉलमच्या पडद्यावर चालवलं की पांढरे ठिपके उडतात. कार्ड आणि ८०८८ एकाच वेळी मेमरी मागतात, कार्डाला चुकीचा बाइट मिळतो. पोर्ट हेक्स ३डीएचा बिट ० आधी ० आणि मग १ होईपर्यंत थांबून, इंटरप्ट बंद ठेवून एकेक अक्षर लिहिलं की ठिपके जातात, वेगही जातो. जीडब्ल्यू-बेसिकमधून हे वेळेत जमत नाही, बिट वाचून पोक करेपर्यंत संधी निघून गेलेली असते.

३ ऑगस्ट, शनिवार

वेळ मोजणं. पीसीचा टिक सेकंदाला १८.२ वेळा, म्हणजे ५५ मिलिसेकंदांचा. रेप स्टॉसडब्ल्यूचे २००० शब्द कागदावर २८,००९ क्लॉक, सहा मिलिसेकंदांच्या आत, सीजीएची थांबवणूक वेगळी. एका टिकमध्ये तो मावतो, मोजता येत नाही. १०० वेळा चालवून भागायचं. स्पेक्ट्रमचा फ्रेम काउंटर २० मिलिसेकंदांचा. डीआयच्या काळात आणि बीप वाजताना तो थांबतो, हे पुशच्या मोजणीत लक्षात ठेवायचं.

पीसीवर टिक ००४०:००६सी ला. ००००:०४६सी हाही तोच बाइट, भौतिक पत्ता ११३२. टर्बो सीमध्ये या दोन फार पॉइंटरांची बरोबरी तपासली तर उत्तर «वेगळे», कारण तुलना ३२ बिटांची होते, जागेची नाही.

स्पेक्ट्रमचा काउंटर तीन बाइटांचा, २३६७२ ते २३६७४. वाचायचं सूत्र (पीक म्हणजे पत्त्यावरचा बाइट वाचणं): ६५५३६ गुणिले पीक २३६७४, अधिक २५६ गुणिले पीक २३६७३, अधिक पीक २३६७२. मध्येच इंटरप्ट येऊन खालचा बाइट २५५ वरून ० झाला तर उत्तर २५६ ने कमी येतं. म्हणून दोनदा वाचून मोठं घ्यायचं. हा उपाय वरचा बाइट आधी वाचला तरच खरा. खालचा आधी वाचला, २५५ हाती आला आणि मग वरचा वाढला, तर उत्तर जास्त येतं, आणि मोठं घेण्याचा नियम नेमकं चुकीचं उत्तर निवडतो. आमच्या जीडब्ल्यू-बेसिकच्या ओळीत ११३२ आधी आणि ११३३ नंतर लिहिलेलं होतं. आता ११३३, ११३२, पुन्हा ११३३, आणि दोन्ही ११३३ जुळेपर्यंत फेरा.